जांभळा हत्ती, माती आणि कवडसे: तीन ते सहा वर्षांच्या मुलांसोबत तुम्ही घरी काय करता?

जास्वंद

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

लेक साडेतीन वर्षांची आहे. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत जुन्या घरात राहतो. पुढची खोली स्लॅबची, मागची अजून कौलारू. जूनमध्ये तिला जवळच्याच एका बालवाडीत घातलं. दुसऱ्या आठवड्यात हत्तीचं छापील चित्र रंगवायला दिलं होतं. तिनं हत्ती जांभळा केला, रंग रेषेबाहेर गेला, आणि सोंडेच्या टोकापासून कागदाच्या कडेपर्यंत निळ्या रेघोट्या ओढल्या. घरी आल्यावर मला म्हणाली, "हत्ती पाणी उडवतोय." कागदावर लाल शाईनं लिहून आलं होतं: रेषेच्या आत रंगवणे. हत्तीचा रंग करडा.

बाईंवर माझा राग नाही. चाळीस मुलं सांभाळायची म्हणजे सोपं नाही, हे मला दिसतं. पण त्या दिवसापासून लेक खडू उचलायच्या आधी माझ्याकडं बघते आणि विचारते, "आई, कुठला रंग बरोबर?" हे मला फार लागलंय. जी पोर भिंत, फरशी, स्वतःचा पाय, काहीही रंगवायला मागेपुढे बघत नव्हती, ती आता परवानगी मागते.

आणि हीच पोर घरी काय करते ते सांगते. मागच्या रविवारी सकाळी मागच्या खोलीत कौलाच्या फटीतून कवडसा पडला होता. आधी तिनं तो हातानं पकडायचा प्रयत्न केला. मूठ बंद केली की कवडसा मुठीच्या वर. मग पाय ठेवला. मग स्वयंपाकघरातून स्टीलची ताटली आणून त्यावर कवडसा घेतला, तर समोरच्या भिंतीवर उजेडाचा मोठा पट्टा नाचायला लागला. ती दचकली, ताटली खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग माझी निळी ओढणी आणून उजेडाच्या आड धरली आणि ओरडली, "ऊन निळं झालं!" चाळीस मिनिटं चाललं हे. मी भाजी चिरत दारातून बघत होते, एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर ते तिथंच संपलं असतं असं वाटतं.

यात विज्ञान कुठलं आणि कला कुठली, मला सांगता येणार नाही. तिला तर नाहीच. मला एवढंच हवंय की हे तिच्यात टिकावं. घरात माती, पाणी, रंग, उजेड यांचे काय खेळ होऊ शकतात? आणि मुख्य म्हणजे आपण मोठ्यांनी काय करायचं, काय नाही करायचं? तुमचे अनुभव सांगा. महागडे संच सुचवू नका, दोन आणून झालेत आणि दोन्हीतलं खोकंच तिला जास्त आवडलं.

पावसाळी

वाचतेय. मुलगा तीन वर्षांचा, कळंब्यात राहतो. जांभळ्या हत्तीला माझं मत.

बालवाडीताई

जास्वंदताई, करवीर तालुक्यातल्या एका गावात मी 22 वर्षं अंगणवाडी चालवतेय. तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं चित्राचं. मूल साधारण दीड-दोन वर्षांचं झालं की रेघोट्या मारायला लागतं. त्यात चित्र नसतं, हात फिरवण्याचा आनंद असतो आणि हात फिरला की मागं खूण उरते याचं नवल असतं. मग गोल येतो, आणि ज्या दिवशी गोल बंद होतो तो दिवस मोठा. साडेतीन-चारच्या सुमारास त्याच गोलाला दोन पाय फुटतात: धड नाही, डोक्यालाच हातपाय. आईसुद्धा तशीच, बैलसुद्धा तसाच. रोडा केलॉग नावाच्या अमेरिकी बाईंनी देशोदेशीच्या लहान मुलांची लाखो चित्रं जमवली आणि त्यातून 20 मूळ रेघोट्या वेगळ्या काढल्या. कुठल्याही देशातलं मूल घ्या, सुरुवात त्याच रेघोट्यांपासून. म्हणजे आपल्या गावातल्या पोरानं पाटीवर जे गिरगटलेलं असतं, ती त्याची वाटचाल असते. छापील हत्ती रंगवायला देऊन आपण ती वाट मध्येच तोडतो. हत्ती काढायचा कसा, हे मोठ्या माणसानं आधीच ठरवलेलं. मुलाला उरतं काय, तर भरणी.

दुसरं, बोलायचं काय. "हे काय काढलंस?" असं विचारू नका. काही वेळा त्यानं काहीच काढलेलं नसतं आणि तुम्ही विचारलं म्हणून त्याला काहीतरी सांगावं लागतं. "छान, छान"सुद्धा रोज नको, मग मूल छान ऐकायला चित्र काढतं. मी जे दिसतं तेच बोलते: "इथं खूप जोरात रंग दाबलास. ही रेघ पार कडेपर्यंत गेली." मग मूल स्वतःहून उलगडत जातं.

तिसरं, सामान. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा शिंपले, बिया, पानं, खडे हीच त्यांची साधनं होती. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, अंगणवाडी हा विचार तिथला. माझ्याकडं आजही सगळ्यात जास्त चालणारी वस्तू म्हणजे एक घमेलं वाळू, चार वाट्या आणि नरसाळं.

आकडेमोड

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळी बाजू मांडतो. मुलगी सहा वर्षांची आहे. तिच्या प्रवेशाच्या वेळी एका शाळेत तिला शंभरपर्यंत आकडे आणि इंग्रजी अक्षरं लिहायला लावली होती. वाळू आणि वाट्यांनी ते होत नाही. खेळ हवाच, पण पोर मागं पडलं तर पहिलीत रोज रडत घरी येईल, त्याचं काय? आम्ही दोघंही नोकरी करतो, संध्याकाळी दीड तास मिळतो. त्यात लिहिण्याचा सराव घ्यायचा की चिखल करायचा? मनापासून विचारतोय.

निळी_छत्री

आकडेमोड, तुमची काळजी खोटी नाही. मी बालरोगतज्ज्ञ आहे, रोज असे आईबाबा भेटतात. पण शरीराचं एक सांगते. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची, म्हणजे मऊ आणि लवचीक असतात आणि एकेक करून हाडं बनत जातात. शेवटच्याला दहा-बारा वर्षं लागतात. तीन-साडेतीन वर्षांच्या हाताची पेन्सिल धरून बारीक अक्षर काढायची अजून तयारी नसते. ती होते कशानं? कणीक मळून, माती दाबून, ओलं फडकं पिळून, चिमटीनं दाणे उचलून. तुमच्या दीड तासात मुलगी पोळीची कणीक मळायला बसली तर ते लेखनाच्या आधीचं लेखन समजा.

आता धाग्यावर सगळे उत्साहानं खेळ सुचवतील, म्हणून सुरक्षेचं आत्ताच सांगून ठेवते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात सव्वा इंचापेक्षा लहान वस्तू नको. शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, मणी यांनी वर्गीकरण करणं मोठ्या मुलांसाठी ठीक, धाकटं भावंड घरात असेल तर नको. हरभरा नाकात गेला की तिथल्या ओलाव्यानं फुगतो, काढणं अवघड होतं. बटणासारखे सेल आणि छोटे शक्तिशाली लोहचुंबक घरातच ठेवू नका, पोटात गेले तर जिवावर बेतू शकतं. आणि पाणी: बादलीत अर्धी वीत पाणी असलं तरी मुलाला एकटं सोडून फोन घ्यायला जायचं नाही. कोणी हळदीच्या खेळात चुना सुचवेल, तर चुना अजिबात नको. डोळ्यात उडाला तर कायमचं नुकसान होऊ शकतं. कपड्याच्या साबणाच्या वडीचं थोडंसं पाणी पुरतं, तेसुद्धा मोठ्या माणसानं जवळ बसून.

बालवाडीताई

आकडेमोडदादा, डॉक्टरांनी हाताचं सांगितलं, मी धोरणाचं सांगते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत स्तर धरलाय. बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. 2022 मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पाठ्यपुस्तक नसावं असं स्पष्ट आहे. तुमच्या मुलीला जे करायला लावलं ते या विचारात बसत नाही. ते काही शाळा अजून करतात, हेही खरं. म्हणून पोराला घरीही तेच करायला लावायचं, हे मात्र मला पटत नाही.

आकडे वाळूत येत नाहीत म्हणालात. माझ्याकडं या, दाखवते. "मोठ्या वाटीत छोट्या वाट्या किती?" हा प्रश्न मी कधी विचारलेला नाही. मुलं दुसऱ्या दिवशी आपण होऊन मोजायला लागतात.

कुंभारगल्ली

नमस्कार. बालवाडीताईंनी मातीचं नाव काढलं म्हणून लिवतोय. आमचं घराणं शाहूपुरीतलं, पिढीजात मातीकाम. बेंदूर, म्हंजी बैलांचा सण, तोंडावर आलाय. दरवर्षी लोक तयार बैलजोडी घेऊन जात्यात, त्याबद्दल काय तक्रार न्हाई, आमचं पोट हाय त्याच्यावर. पण लहान पोरगं संगट आलं असलं तर त्याला एक मातीचा गोळा मी फुकट देतो. यंदा तुम्हीबी घ्या कुठल्यातरी कुंभाराकडनं.

घरी करताना चार गोष्टी. माती चांगली मळायची, आत हवा ऱ्हायली तर वाळताना फुटती. पोराला मळू द्या, त्यातच निम्मा खेळ हाय. पाय, शिंगं जोडायची तर दोन्हीकडं काडीनं ओरखडे वढायचे, मधी पातळ चिखल लावायचा आणि दाबायचं. नुसतं चिकटवलं की वाळल्यावर शिंग गळून पडतं आणि पोर रडतं. वाळवायचं सावलीत. उन्हात ठेवलं की वरचा थर आधी वाळून आकसतो, आत वलीच ऱ्हाती, मग तडा जातो. मातीत थोडा कापूस नाहीतर कागदाचा लगदा मिसळला तर तडे कमी.

आणि एक विनंती. पोरानं बैलाला पाच पाय केलं तर करू द्या. माझ्या नातवानं सहा केलं हुतं. म्हटलं का रं? म्हणाला, "पळतोय." मी त्याच्या बैलाकडं बघितलं आणि खरंच पळत हुता.

जास्वंद

कुंभारगल्ली दादा, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला. शनिवारी येते माती न्यायला.

मूळची_कोल्हापूरची

सध्या पुण्यात, पण माहेर मंगळवार पेठेतच. जास्वंद, तुझ्या कवडशावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पुढच्या वेळी एक बघ. कौलाची फट वेडीवाकडी असते, पण जमिनीवरचा ठिपका गोल किंवा लंबगोल. तो फटीचा आकार नसतोच, ती सूर्याची प्रतिमा असते. छप्पर दहा फुटांवर असेल तर ठिपका साधारण एक इंचाहून जरा मोठा पडतो, सकाळच्या तिरप्या उन्हात लांबट होतो. म्हणूनच सूर्यग्रहणात झाडाखालचे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे दिसतात. साडेतीन वर्षांच्या मुलीला यातलं काहीही सांगू नकोस. फक्त खडूनं कवडशाभोवती गोल काढायला दे आणि नाश्ता झाल्यावर परत ने. कवडसा गोलातून निघून गेलेला असेल. तिला काय वाटतं ते ऐक.

आणि तू राहतेस तिथून खरी कॉर्नरचा चौक किती जवळ! तिथला कॅमेऱ्याचा स्तंभ दाखव तिला. बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवायचे, आणि त्याच माणसानं 1918 च्या आसपास आपल्या कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. चित्रकाराचा हात आणि मिस्त्रीचा हात एकच होता. शेवटी कॅमेरा म्हणजे काय, अंधाऱ्या डब्यात आलेला कवडसाच. या शहराला कलापूर म्हणतात ते मला नेहमी या अर्थानं आठवतं.

हळदीचा खेळही लिहून ठेवते, डॉक्टरांच्या सूचनेसह. हळद पाण्यात कालवून जाड कागदाला फासायची, वाळवायची. मग काडीला कापूस गुंडाळून साबणाच्या पाण्यानं त्यावर चित्र काढायचं. पिवळ्यावर लाल रेघ उमटते. कुंकवाचा लालपणा असाच हळदीतून येतो. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की लाल परत पिवळं. गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात भिजवून ठेवली की निळं पाणी मिळतं, लिंबानं ते जांभळं-गुलाबी होतं, खायच्या सोड्यानं हिरवट. आणि पारिजातकाच्या देठांचा केशरी रंग कागदावर नुसता घासूनही येतो. माझा मुलगा या सगळ्याला "रंग बदलून बघू" म्हणतो आणि आता आमटीतही लिंबू पिळून वाट बघत बसतो.

पंचगंगाकाठ

मी सेवानिवृत्त माणूस, शुक्रवार पेठेत राहतो. नातू साडेचार वर्षांचा. या धाग्यावर सगळ्यांनी चांगलं लिहिलं आहे, मी आमच्या घरात गेले तीन आठवडे काय चाललंय तेवढं सांगतो.

जुलै लागला की कोल्हापुरात एकच प्रश्न: "पाणी किती फुटावर?" सकाळी दूध आणायला गेलं तरी तोच, बातम्या लावल्या तरी तोच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 चा महापूर घरात सगळ्यांनी बघितलेला असल्यानं आमच्या आवाजात काळजी असते, ती पोराच्या कानावर जाते. एका रात्री तो मला म्हणाला, "आजोबा, धोका घरात येणार?"

मी त्याला समजावत बसलो नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीवर एक जुनं पिंप ठेवलं आणि त्यात सरळ काठी उभी केली. म्हटलं, आपणही बंधारा करू. त्याला आकडे नीट वाचता येत नाहीत, म्हणून काठीवर पट्टे त्यानंच रंगवले. खाली हिरवा, मग पिवळा, मग लाल. लाल पट्ट्याच्या वर त्यानं एक छोटा माणूस काढला, डोक्यालाच पाय असलेला, बालवाडीताई म्हणतात तसा. "हा कोण?" असं मी विचारणार होतो, ताईंचा प्रतिसाद आठवला आणि गप्प बसलो. जरा वेळानं तोच म्हणाला, "हा वरून बघतोय. हा बुडत नाही."

मग रोज सकाळी चहाआधी गच्ची. पाणी कुठल्या रंगावर आलं ते तो खाली येऊन सगळ्यांना सांगणार. एक दिवस आमच्याकडं पाऊस थेंबभर नाही, पिंप हललं नाही, आणि बातमीत मात्र नदी दोन फुटांनी वाढली. तो माझ्यासमोर उभा राहिला: "आपल्याकडं पाऊस नाही, मग नदीत पाणी कुणी ओतलं?"

माझ्या सबंध नोकरीत मला कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मोठी परात घेतली. कुंडीतली माती ओली करून परातीच्या एका बाजूला उंच डोंगर रचला, दुसऱ्या बाजूला उतार. डोंगराला नाव गगनबावडा. त्याच्या बोटानं चार ओढे ओढले: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. चारी ओढे प्रयाग चिखलीच्या जागी एकत्र आणले आणि पुढं एकच रुंद पंचगंगा केली. नदीच्या काठावर त्यानं आमचं घर म्हणून काडेपेटी ठेवली. मग मी म्हटलं, पाऊस फक्त डोंगरावर पाड. त्यानं झारीनं डोंगरावरच पाणी घातलं. काडेपेटीजवळची माती कोरडी, आणि तिच्यासमोरून नदी गढूळ होऊन वाहायला लागली.

तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर काडेपेटी उचलली, दोन बोटं मागं नेली, तिच्याखाली मातीचा चौथरा केला आणि पुन्हा पाणी ओतलं. असं त्यानं सात-आठ वेळा केलं. दर वेळी चौथऱ्याची उंची वेगळी. शेवटी गेरू मागितला आणि जिथंवर पाणी पोचलं होतं तिथं परातीच्या आतून लाल रेघ ओढली. गावात जुन्या घरांच्या भिंतींवर पुराच्या पाण्याच्या खुणा केलेल्या असतात, त्या त्यानं कधीतरी बघितल्या असाव्यात.

त्या रात्रीनंतर "धोका घरात येणार का" हा प्रश्न आला नाही. आता विचारतो, "डोंगरावर किती पडला?"

निळी_छत्री

काका, हे वाचून डोळे भरून आले. मुलाच्या भीतीला हातात धरता येईल अशी वस्तू दिलीत. यापेक्षा मोठं औषध माझ्याकडं नाही.

बालवाडीताई

पंचगंगाकाठ काका, परवानगी असेल तर पुढच्या आठवड्यात माझ्या अंगणवाडीत हीच परात करते. आमचं गाव कुंभीच्या काठावर आहे.

पंचगंगाकाठ

परवानगी कसली, नातवाला घेऊनच येतो.

आकडेमोड

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी पूर्ण बदललो असं म्हणणार नाही, मुलीकडून आठवड्यातले दोन दिवस लिहून घेतो अजून. बाकीचे दिवस तिचे. काल जेवताना एक प्रकार झाला तो सांगतो. तिला आणि धाकट्याला सारखंच ताक दिलं, तिला फुलपात्रात, त्याला उंच ग्लासात. ती अडून बसली की त्याला जास्त मिळालं. तिच्यासमोर ग्लासातलं फुलपात्रात ओतून दाखवलं, "आता सारखं," म्हणाली. परत ग्लासात ओतलं, "परत जास्त झालं." मला आधी वाटलं हट्ट करतेय.

मूळची_कोल्हापूरची

हट्ट नाही! स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनी नेमका हाच प्रयोग मुलांवर केला होता. साधारण सात वर्षांपर्यंत मूल पाण्याची उंची बघतं, रुंदी एकाच वेळी हिशेबात घेत नाही. तिला पटवून देऊ नका. दोन्ही भांडी आणि एक गाळणी अंघोळीच्या वेळी हाताशी ठेवा, ती ओतत राहील आणि एक दिवस स्वतःच म्हणेल की सारखंच आहे. तो दिवस आला की इथं नक्की लिहा.

पावसाळी

एक छोटा प्रश्न. मुलगा कशातच पाच मिनिटांच्या वर रमत नाही. खेळणी भरपूर आहेत. काय चुकतंय?

बालवाडीताई

खेळणी भरपूर आहेत, हेच. तीन वस्तू बाहेर ठेवा, बाकी माळ्यावर टाका. बाहेरच्या तीनपैकी दोन अशा असू देत की ज्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही: चिंध्या, खोकी, मातीचा गोळा, नारळाच्या करवंट्या. आणि तो रमला असेल तेव्हा जेवायला हाक मारू नका, दहा मिनिटं जेवण थांबलं तर चालतं. कंटाळा आला म्हणाला तर लगेच काही देऊ नका. कंटाळ्याच्या पलीकडं बरंच काही असतं, तिथवर त्याला एकट्याला जाऊ द्या.

जास्वंद

धागा बराच खाली गेला होता, पण तुम्हा सगळ्यांना पुढचं सांगायचं होतं म्हणून वर आणतेय.

बालवाडीच्या बाईंना भेटले. भांडायला नव्हे. लेकीनं केलेले बेंदराचे बैल, हळदीचे कागद आणि खडूनं काढलेल्या कवडशांच्या गोलांचे फोटो नेले. बाईंनी एकेक फोटो नीट बघितला. म्हणाल्या, पालकच विचारतात की आज काय रंगवून घेतलं, दाखवायला कागद लागतो. त्यांचीही अडचण कळली. आता दर शुक्रवारी कोरा कागद देतात. एवढं झालं, आणि मला ते पुष्कळ वाटतं.

नवरात्रात सासूबाईंनी घट बसवला तेव्हा लेकीनं धान्य पेरलं. देवघराच्या अंधाऱ्या कोनाड्यात उगवलेले कोंब पिवळे आणि लांब. तेच गहू तिनं मूठभर बाहेर तुळशीच्या कुंडीत टाकले होते, ते हिरवे आणि आखूड. नवव्या दिवशी दोन्ही शेजारी ठेवून ती आजीला म्हणाली, "आतले ऊन शोधायला उंच झाले." सासूबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी काही सांगितलं नव्हतं हो. अंधारात रोपाला हिरवा रंग धरता येत नाही आणि उजेडाच्या ओढीनं ते लांब वाढतं, हे मला स्वतःला पुस्तकात वाचून माहीत होतं. तिनं बघून सांगितलं.

दिवाळीत किल्ला केला. गल्लीत बऱ्याच जणांनी तयार प्लास्टरचे किल्ले आणले होते. आम्ही दगड, विटा, पोतं आणि माती. गल्लीतली पाच-सहा पोरं जमली. तटबंदी दोनदा ढासळली. मोठ्या पोरांना वाटलं मी येऊन उभी करीन, मी हात मागं बांधून उभी राहिले, खरंच अवघड गेलं. तिसऱ्यांदा त्यांनी तळाला रुंद दगड लावले आणि तट उभा राहिला. वर अळीव पेरले, चार दिवसांत हिरवं झालं.

दिवाळी संपली तरी किल्ला मोडू दिला नाही. मग नोव्हेंबरचा किरणोत्सव आला, 9, 10, 11 तारखेचा. दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा तिला खांद्यावर घेऊन गर्दीत उभे राहिले. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं आणि आधी अंबाबाईच्या चरणांवर, मग वर वर चढत जातं, एवढं त्यांनी तिला सांगितलं होतं. घरी आल्यावर ती काही बोलली नाही. सकाळी उठून बघते तर किल्ल्याच्या एका भिंतीला तिनं पळीनं भोक पाडलेलं, आणि आत, कुंभारगल्ली दादांच्या उरलेल्या मातीची, अंगठ्याएवढी देवी.

संध्याकाळी आम्ही दोघी पायरीवर बसून ऊन यायची वाट बघितली. ऊन भिंतीवर आलं, भोकातून आत गेलं आणि देवीच्या बाजूला चार बोटांवर पडलं. तिनं देवी तिथं सरकवली. दुसऱ्या दिवशी ढग. तिसऱ्या दिवशी ऊन परत आलं, थोडं पुढं सरकलेलं.

आता ती भोक मोठं करायचं म्हणते. तिचे आजोबा म्हणतात देवी सरकव. काल रात्री झोपताना मला विचारलं, "आई, आपण दोन भोकं पाडली तर?" मी म्हटलं, उद्या बघू. सकाळपासून पळी शोधतेय.